गर्भपातानंतर पुन्हा दिवस राहिलेल्या मैत्रिणींचा गट: एकमेकींना आधार द्यावा तरी कसा?

प्रश्न

नमस्कार. मला दहावा आठवडा सुरू आहे. याआधीच्या गरोदरपणात ठरलेल्या सोनोग्राफीच्या वेळी हृदयाचे ठोके थांबल्याचे कळले होते आणि त्यापूर्वी ना डाग दिसले होते, ना पोटात दुखले होते. त्यामुळे या वेळी काहीही त्रास होत नसला, तरी ‘सगळे ठीक आहे’ असे मानायला मन तयार होत नाही.

अशाच अनुभवातून गेलेल्या आणि आता पुन्हा गरोदर असलेल्या आम्ही सातजणींनी मिळून व्हॉट्सॲपवर एक गट केला आहे. घरची माणसे प्रेमळ असली तरी ‘आता मागचे विसर’ यापलीकडे त्यांना फारसे बोलता येत नाही. गटात मात्र स्वच्छतागृहात जाताना दर वेळी रक्त दिसेल की काय याची भीती वाटते, असे एकीने लिहिले, तेव्हा उरलेल्या सहाजणींनी ‘मलाही’ एवढेच उत्तर दिले आणि मला कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. गटाचा उपयोग नाही, असे मी म्हणूच शकत नाही.

अडचण वेगळीच आहे. कोणी बीटाएचसीजीचा, म्हणजे रक्तातील गरोदरपणाच्या संप्रेरकाचा, आकडा टाकला की बाकीच्या आपापले जुने अहवाल काढून ताडून पाहतात. एकीची मळमळ कमी झाली की दुसरीला आपलीही कमी झाल्यासारखी वाटते. त्यातच गेल्या आठवड्यात आमच्यापैकी एकीचे बाळ आठव्या आठवड्यात गेले. तिने दोन ओळी लिहिल्या आणि ती गप्प झाली. तेव्हापासून गटही गप्प आहे. एकीची सोनोग्राफी उत्तम झाली, पण तिने ते फक्त मला खासगीत सांगितले, कारण गटात लिहिणे तिला क्रूरपणाचे वाटले. दुसरी एकजण गट सोडण्याच्या विचारात आहे.

ज्या मैत्रिणीचे बाळ गेले, तिच्याशी आम्ही कसे वागावे? चांगली बातमी गटात सांगावी की नाही? आणि एकीच्या दुःखाने सगळ्यांचाच जीव टांगणीला लागत असेल, तर असा गट चालू ठेवणे शहाणपणाचे आहे का? अनुभवी सदस्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १

तुमच्यासारख्याच एका गटाची जबाबदारी मी माझ्या पूर्ण गरोदरपणात आणि त्यानंतरही काही काळ सांभाळली, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

भीती घालवणे हे गटाचे काम आहे, अशी समजूत असेल तर ती आधी बाजूला ठेवावी, असे मला वाटते. एकदा गर्भपात झालेल्या बाईची भीती दुसऱ्या कोणाच्या चार शब्दांनी जात नाही आणि ती जावी म्हणून सगळ्यांनी धडपड केली की ज्या बाईची भीती तरीही जात नाही, तिला आपलेच काहीतरी चुकते आहे असे वाटू लागते. भीती बोलून दाखवता यावी आणि बोलल्यावर कोणी ती खोडून काढू नये, एवढे जमले तरी गटाने पुष्कळ केले. तुमच्या गटातले ते ‘मलाही’ मला म्हणूनच फार आवडले.

आमच्याकडे हळूहळू काही रीती पडत गेल्या. बातमी चांगली असो वा वाईट, संदेशाची पहिली ओळ फक्त ‘सोनोग्राफीबद्दल आहे’ अशी असे, मग काही रिकाम्या ओळी आणि त्याखाली मजकूर. ज्या बाईचा दिवस आधीच जड गेलेला असेल, तिला तो संदेश उद्या वाचण्याची मुभा त्यातून मिळत असे. पोटाची छायाचित्रे आणि सोनोग्राफीच्या प्रतिमा यांसाठी आम्ही दुसरा गट काढला होता आणि ज्यांना त्या पाहाव्याशा वाटत, त्याच तिथे येत. आमच्यात सर्वांत उपयोगी ठरली ती मात्र जोडीची पद्धत. ज्या दिवशी एखादीची तपासणी असेल, त्या दिवशी दुसरी एकजण तिच्यासाठी मोकळी राहत असे. सकाळी ती विचारी, ‘आज किती वाजता आहे? आत जाण्यापूर्वी बोलायचे आहे की नंतर?’ आणि दुपारपर्यंत उत्तर आले नाही, तर ‘काय झाले?’ असे न विचारता ‘मी आहे, सवडीने लिही’ एवढेच लिही. बाहेरच्या बाकावर बसून नंबर येण्याची वाट पाहताना हातातल्या फोनवर तेवढी एक ओळ असली, तर त्या दहा मिनिटांत किती फरक पडतो, हे ज्यांनी ती वाट पाहिली आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. मागच्या वेळी ज्या आठवड्यात बाळ गेले, तो आठवडा पुन्हा येतो तेव्हा बाई आतून पार ढवळून निघते. हरवलेल्या बाळाची अपेक्षित प्रसूतीची तारीखही तशीच असते आणि पुष्कळदा ती नव्या गरोदरपणातच येऊन उभी राहते. घरातल्या कोणाच्या ती लक्षातही नसते. आम्ही प्रत्येकीच्या या तारखा, तिची हरकत नसेल तर, एका ठिकाणी नोंदवून ठेवल्या होत्या आणि त्या दिवशी कोणीतरी एकजण तिला आवर्जून फोन करी.

काही वाक्ये मात्र आम्ही ठरवून हद्दपार केली होती. ‘सकारात्मक राहा’, ‘या वेळी नक्की सगळे नीट होणार’, ‘निदान दिवस तरी राहतात’ आणि ‘ताण घेतलास तर बाळावर परिणाम होईल’. शेवटचे तर मला सर्वांत निर्दय वाटते, कारण घाबरलेल्या बाईच्या डोक्यावर घाबरल्याचा दोषही तेच ठेवते. बीटाएचसीजीचे आकडेही गटात टाकायचे नाहीत, असे ठरले होते. त्याचे वैद्यकीय कारण कोणी जाणकाराने सांगितले तर बरे होईल.

चांगली बातमी जरूर सांगावी. ती लपवली की गटात फक्त वाईटच बातम्या उरतात आणि मग प्रत्येकीला वाटू लागते की आपल्यासारख्यांच्या नशिबी हेच असते.

प्रतिसाद २

मी स्त्रीरोग व प्रसूती विभागात परिचारिका म्हणून काम करते. गटाविषयी वरच्या ताईंनी उत्तम लिहिलेच आहे, मी आकड्यांपुरते लिहिते.

बीटाएचसीजीचा एकच सुटा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. एकाच आठवड्यातील दोन निरोगी गरोदर स्त्रियांच्या आकड्यांत कित्येक पटींचे अंतर असू शकते. अगदी सुरुवातीच्या काळात डॉक्टर ४८ तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासतात ते त्याच बाईच्या आकड्याची वाढ पाहण्यासाठी, शेजारणीशी तुलना करण्यासाठी नव्हे. पुढे वाढीचा वेग आपोआप मंदावतो, साधारण आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान पातळी शिखरावर पोहोचते आणि नंतर उतरते. मळमळही पुष्कळ जणींची त्याच सुमारास ओसरू लागते. तेव्हा दहाव्या-अकराव्या आठवड्यात मळमळ कमी होणे ही बहुतेक वेळा वाईट बातमी नसते. शिवाय ती एखादा दिवस कमी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जास्त, अशीही असते.

सोनोग्राफीचेही तसेच आहे. योनीमार्गातून केलेल्या तपासणीत साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास ठोके दिसू लागतात, पण पाळी अनियमित असेल किंवा बीज उशिरा सुटले असेल, तर पाळीवरून मोजलेला आठवडा आणि बाळाचे खरे वय यांत फरक पडतो. म्हणूनच गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असून ठोके नसणे, अथवा गर्भाशयात गर्भाभोवती तयार होणाऱ्या पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असून आत गर्भ न दिसणे, अशा मर्यादा पाळल्या जातात. त्याखाली असेल तर घाईने निष्कर्ष न काढता साधारणपणे आठवड्याभराने किंवा त्यानंतर पुन्हा पाहतात. तो मधला आठवडा किती कठीण असतो, हे मी रोज पाहते. अशा वेळी गटातल्या ‘माझ्या वेळी सहाव्यालाच दिसले होते’ या एका वाक्याने फार नुकसान होते, मग लिहिणारीचा हेतू कितीही चांगला असो.

तुम्ही स्वतःला दोष देत असाल अशी शंका आली, म्हणून हेही सांगते. लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के गरोदरपणांचा शेवट गर्भपातात होतो आणि त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत होतात. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक गर्भांत गुणसूत्रांचा दोष आढळतो आणि तो बहुधा गर्भधारणेच्या वेळीच योगायोगाने घडलेला असतो. जिना चढणे, नोकरीला जाणे, भांडण होणे, रडणे यांनी तो घडत नाही. सक्तीने अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भपात टळतो, असेही दिसून आलेले नाही. एक गर्भपात झालेल्या बहुसंख्य स्त्रियांचे पुढचे गरोदरपण व्यवस्थित पार पडते.

औषधांची देवाणघेवाण मात्र गटात अजिबात होऊ देऊ नका. गर्भ टिकावा म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचेच उदाहरण घ्या. ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीच्या काळात रक्तस्राव झालेल्या सरसकट सगळ्यांना त्याचा निश्चित फायदा दिसला नाही. ज्यांना रक्तस्राव होत होता आणि ज्यांचा आधी गर्भपातही झालेला होता, त्यांच्यात मात्र फायद्याची चिन्हे दिसली. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून दिली जाणारी हेपारिनची इंजेक्शने आणि ॲस्पिरिन यांचीही गोष्ट अशीच आहे. रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे आढळणाऱ्या स्त्रियांना ती मोलाची ठरतात, इतरांना ती केवळ मैत्रिणीला दिली म्हणून देता येत नाहीत. रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाला दुखणे, चक्कर किंवा ताप यांपैकी काही असेल, तर गटात विचारण्यात वेळ घालवू नका, थेट रुग्णालयाशी बोला.

प्रतिसाद ३

तुमच्या त्या मैत्रिणीच्या जागी मी होते, म्हणून लिहिते आहे. अशाच गटात असताना माझे दुसरे बाळ गेले.

बातमी लिहिल्यानंतर मला दोन भीती एकदमच वाटल्या. आता या सगळ्याजणी मला टाळतील ही पहिली, आणि माझ्यामुळे त्या घाबरतील ही दुसरी. दुसऱ्या भीतीपायी मीच गप्प झाले. बाहेरून ते ‘तिला एकटे राहायचे आहे’ असे दिसले असेल, पण तसे नव्हते. तेव्हा तुमची मैत्रीण गप्प आहे याचा अर्थ परस्पर लावू नका, तिला विचारा. आमच्यातल्या एकीने मला जे लिहिले, ते मी अजून जपून ठेवले आहे. ‘तुझे बाळ गेले याचे मला फार वाईट वाटते. तुला गटातून काढलेले नाही आणि काढणारही नाही. तुला आमचे संदेश दिसायला नको असतील तर सांग, मी रोज तुझ्याशी वेगळी बोलेन. उत्तर द्यायची गरज नाही.’ यात बाळ असा स्पष्ट उल्लेख होता, निर्णय माझ्या हाती ठेवला होता आणि उत्तराचे ओझेही नव्हते. मी काही काळ गटाची सूचना बंद ठेवली आणि त्या एकीशी बोलत राहिले.

कारण काय निघाले, तपासण्या केल्या का, पुन्हा कधी प्रयत्न करणार, हे कृपया कोणी विचारू नये. माझ्याकडे त्या प्रश्नांची उत्तरे नव्हतीच, आणि काहीजणी ते प्रश्न माझ्यासाठी नव्हे तर स्वतःच्या धास्तीपोटी विचारत आहेत, हे मला कळत होते. मला त्यांचा राग आला नाही. मीही त्यांच्या जागी असते तर तेच शोधले असते, की हिच्या बाबतीत असे काय वेगळे होते जे माझ्या बाबतीत नाही.

पहिल्या प्रतिसादातील एका गोष्टीशी मात्र मी सहमत नाही. वाक्ये हद्दपार केल्याने आमच्याकडे माणसेच मुकी झाली. चुकीचे काही बोलू या धाकाने चारजणींनी मला काहीच लिहिले नाही. ‘देवाची इच्छा’ असे लिहिणारीचे वाक्य मला मुळीच पटले नव्हते, पण तिने रात्री उशिरा बसून काहीतरी लिहिले होते. न लिहिणाऱ्यांपेक्षा ती मला आजही जवळची वाटते. नियम असावेत, पण अवघडून बोललेल्या शब्दाला माफी असावी.

चांगल्या बातमीविषयी विचाराल, तर ती माझ्यापासून लपवली गेली असती तर मला जास्त लागले असते. मात्र त्याच दिवशी, माझ्या संदेशाच्या लगेच खाली, ती नको होती. एकीने मला आधी खासगीत विचारले, ‘उद्या गटात माझ्या सोनोग्राफीचे लिहू का, की तू आधी सूचना बंद करतेस?’ मी सूचना बंद केली, तिने लिहिले आणि आमची मैत्री टिकली.

प्रतिसाद ४

गट सोडू पाहणाऱ्या सदस्येच्या बाजूनेही कोणी बोलावे, म्हणून हे थोडक्यात. मी असा गट चौथ्या महिन्यात सोडला, कारण इतरांचे संदेश वाचून माझी झोप उडत होती, आणि त्यानंतर त्यातल्याच एका मैत्रिणीशी आठवड्यातून एकदा फोनवर बोलत राहिले. प्रत्येकीची ऐकून घेण्याची ताकद सारखी नसते आणि तीच बाई आज ऐकू शकते, उद्या नाही. जाणाऱ्या सदस्येकडे कारण मागू नये आणि परत यावेसे वाटले तर दार उघडे आहे, हे तिला आधीच सांगून ठेवावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. तिसरा प्रतिसाद वाचल्यावर मी आमच्या मैत्रिणीला काल लिहिले. तिचे उत्तर आज सकाळी आले. तीही ‘तुम्ही घाबराल म्हणून’ गप्प होती. तिला गटात राहायचे आहे, पण महिनाभर फक्त माझ्यामार्फत. जोडीची पद्धत आम्ही पुढच्याच तपासणीपासून सुरू करत आहोत. आकड्यांविषयीचा दुसरा प्रतिसाद मी जसाच्या तसा गटात दाखवला, तेव्हा एकीने प्रांजळपणे विचारले की आकडे नाही सांगायचे, तर धीर कशातून घ्यायचा. त्याचे उत्तर मला देता आले नाही.

एक शंका राहिली आहे. आमच्यातल्या दोघीजणी पाचवा महिना ओलांडून पुढे गेल्या आहेत. बारा आठवडे झाले की भीती संपेल, असे सगळे त्यांना सांगत होते, पण ती संपलेली नाही. आता त्या बाळाच्या हालचाली मोजतात आणि एकमेकींशी ताडून पाहतात. एकीने तर घरी ठोके ऐकण्याचे यंत्र मागवले आहे. याला आळा घालावा का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

यंत्राविषयी स्पष्टच सांगते, ते वापरू नये. ठोके शोधणे हे शिकण्याचे काम आहे. घरी ऐकू येणारा आवाज पुष्कळदा आईच्याच रक्तवाहिन्यांचा किंवा वारेतील, म्हणजे बाळाला पोषण पुरवणाऱ्या अवयवातील, रक्तप्रवाहाचा असतो. ठोके सापडले नाहीत तर विनाकारण काळजाचे पाणी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे, हालचाल खरोखर कमी झालेली असताना आवाज ऐकू आला म्हणून बाई घरीच थांबते.

हालचालींची एकमेकींशी तुलना निरर्थक आहे. पहिली हालचाल सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यांदरम्यान केव्हाही जाणवू शकते आणि वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर ती उशिरा आणि मंद जाणवते. सर्वांना लागू पडेल असा दिवसाचा ठरावीक आकडा नाही. आपल्या बाळाची रोजची पद्धत ओळखणे महत्त्वाचे आहे. ती बदलली, हालचाल कमी झाली किंवा थांबली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात कळवावे. चोवीस आठवडे होऊनही काहीच जाणवले नसेल तरीही कळवावे. शेवटच्या आठवड्यांत बाळाला जागा कमी पडते म्हणून हालचाल मंदावते, हा समज चुकीचा आहे आणि तो गटात कोणी सांगत असेल तर तिथे मात्र जरूर अडवा.

बारा आठवड्यांनंतरही भीती राहणे अगदी सामान्य आहे. पण झोप लागत नाही, तपासणीला जाण्याचेच टाळावेसे वाटते, मागच्या वेळचे दृश्य वारंवार डोळ्यांसमोर येते, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले आहे किंवा जगावेसे वाटत नाही, असे कोणी लिहिले तर तो गटाच्या कुवतीबाहेरचा विषय समजावा आणि तिच्या जोडीदारणीने तिला डॉक्टरांपर्यंत किंवा समुपदेशकापर्यंत पोहोचवावे. जीव नकोसा झाल्याचे लिहिले असेल तर ते त्याच क्षणी करावे आणि तिला एकटे सोडू नये. गरोदरपणातही वापरता येणारी नैराश्याची लक्षणे ओळखण्यासाठीची दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली पुष्कळ ठिकाणी असते, ती भरून घ्यायला सांगता येते. तपासणीच्या खोलीत शिरताच ‘माझे आधीचे बाळ गेले आहे, कृपया पडदा माझ्याकडे वळवण्यापूर्वी ठोके आहेत की नाहीत ते आधी सांगा’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकीला आहे. आमच्याकडे काहीजणी हे वाक्य कागदावर लिहून आणतात, कारण आत आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. तो कागद कोणी हातात दिला की आम्हालाही काय करायचे ते नेमके कळते.